एका खिळ्याला दोन दोऱ्या

३ फेब्रुवारी

भिंगरी, आणि तुझ्याबरोबर मैदानाच्या कोपऱ्यात उभ्या केलेल्या सगळ्याजणींनो,

तुमची तक्रार पोचली. मैदान सगळ्यांचं, वारा सगळ्यांचा. पण मधली मोकळी जागा पुरुषांची आणि गाड्या लावतात तिथला, नळाजवळचा कोपरा तुमचा. तिथे भिंत वारा अडवते. आपले पतंग दोन दोऱ्यांचे, हातात एकेक दोरी धरून वळवायचे. त्या दोऱ्याही तुम्हाला मिळतात पुरुषांनी वापरून, ताणून, गाठी मारून टाकलेल्या. आणि मग तेच पुरुष कमरेवर हात ठेवून म्हणतात, "पोरींचा पतंग सरळ जातच नाही, हातच तिरका."

मी दोरी विणायच्या कारखान्यात हयात घालवली आणि त्याच कारखान्याच्या फाटकावर उभी राहून भाषणं केली. हे वाक्य मला चांगलं ओळखीचं आहे. आधी मोडकं यंत्र हातात द्यायचं आणि मग काम वाकडं आलं म्हणून कामगाराला नावं ठेवायची. नवीन काय त्यात?

भिंगरी, तू लिहितेस, "माझा उजवा हात जास्त ओढतो गं आत्या, दादा म्हणतो जन्मजात खोड आहे." अगं, दिवसभर चष्म्याची भिंगं घासतेस, केसाएवढा फरक तुझ्या बोटांना कळतो, आणि मैदानात उतरलीस की हात तिरका होतो? सांगणाऱ्याने सांगितलं आणि ऐकणारीने ऐकलं!

एक काम कर. भिंतीत मजबूत खिळा ठोक. दोन्ही दोऱ्यांचं एकेक टोक त्याला बांध. उरलेली दोन टोकं घेऊन मागे मागे चालत जा, दोऱ्या ताठ होईपर्यंत. मग ती टोकं शेजारी धर आणि बघ. काय दिसलं ते कळव.

आणि दुसरं. मी गाव सोडताना सहा पतंगांची माळ मागे ठेवली ती तुझ्यासाठी. एकामागे एक जोडलेले सहा, सगळे एकाच जोडीच्या दोऱ्यांवर उडणारे. कापड मी कापलं, टाके मी घातले. ती माळ पतंग मंडळाच्या कपाटात कुलपात आहे, हे मला आज कळतंय. मार्चअखेरच्या रविवारी मेळावा आहे. त्या दिवशी मैदानाच्या मधोमध ती माळ तुझ्या हातात दिसली पाहिजे.

दादाला सांग, कारखान्याच्या फाटकावरची तोफ अजून थंड झालेली नाही.

तुझी आत्या


१२ फेब्रुवारी

आत्या,

साष्टांग नमस्कार वगैरे मागाहून. आधी ऐक.

खिळा दुकानाच्या मागच्या बोळात ठोकला. मालक हातोड्याचा आवाज ऐकून बाहेर आले. म्हणाले, "भिंत पाडायची असेल तर आधी कळवत जा, म्हणजे मी पलीकडून निघून जाईन." त्यांनाच एक टोक धरायला लावलं.

डावी दोरी उजवीपेक्षा वीतभर लांब निघाली! वीतभर! मी दोनदा बांधून बघितलं. मग आपल्या कोपऱ्यातल्या बेकरीवालीला बोलावलं, तिची जोडी बांधली, तीही तशीच. नर्सचा पतंग चार दोऱ्यांचा. तिच्या वरच्या दोन दोऱ्या खालच्या दोहोंपेक्षा लांब झाल्यात, कारण सगळा भार वरच्या घेतात आणि त्या कोणी कधी मापूनच बघितल्या नाहीत. नर्स खिळ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे पेशंट ठणठणीत आहे. थर्मामीटरच बिघडलाय."

संध्याकाळी जेवताना मी विषय काढला.

"दादा, वीतभर फरक आहे."

"जुन्या दोऱ्या ताणतातच."

"मग नव्या दे."

"नव्या समितीच्या परवानगीने मिळतात."

"मंडळाचा कप्तान तूच ना?"

"जेव आधी."

"आणि आत्याची माळ?"

तेव्हा त्याने घास खाली ठेवला. "माळ तुला ओढून नेईल. सहा पतंगांचा जोर असतो तो. वजन बघ स्वतःचं."

"आत्याला नाही नेलं कधी."

"आत्याची गोष्ट सोड. आत्याला वारासुद्धा घाबरतो."

हसू आलं, पण रागही आला. आत्या, मला माळ उडवायचीच आहे. तू सांगतेस म्हणून नाही. ज्या दिवशी ती वीत दिसली त्या दिवसापासून मला झोप नाही. इतकी वर्षं मी आरशासमोर उभी राहून उजवा हात हळू ओढायची सवय करत होते गं.

भिंगरी


१९ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं शेवटचं वाक्य मी तीन वेळा वाचलं आणि टेबलावर मूठ आपटली. शाईची दौत सांडली, म्हणून हे पेन्सिलीने.

दोन दोऱ्यांच्या पतंगाला लगाम असतात, घोड्यासारखे. एक लगाम आखूड असला तर घोडा त्याच बाजूला वळत राहणार. त्यात स्वाराची काय चूक? पण स्वार बाई असली की आधी तिच्या मनगटाकडे बोट दाखवतात. लगाम कोणी कापला, हे विचारायला कोणी खाली उतरत नाही.

आता आरशासमोर हात वळवणं बंद. तुझ्या हाताला काहीही झालेलं नाही. लांब दोरीची गाठ सोड, जादा भाग कमी करून पुन्हा बांध, आणि महिन्यातून एकदा खिळ्याला लावून बघत जा. दात घासतो तसं, न विसरता.

माळेचं मी बघते. समितीच्या अध्यक्षाला, त्या तुमच्या शिट्टीला, स्वतंत्र पत्र टाकलंय. जन्मभर सामन्यांमध्ये शिट्ट्या वाजवल्या म्हणून त्याला वाटतं की जग त्याच्या फुंकरीवर थांबतं. प्रत्येक पतंगाच्या पोटावर, आतल्या बाजूने, मी लाल टाका घातलाय. तो टाका दाखवायचा आणि माळ ताब्यात घ्यायची. मंडळाची मालमत्ता म्हणे! मंडळाने त्यात एक दोरा तरी ओवलाय का?

दोरी मात्र मला विचारल्याशिवाय घेऊ नकोस.

आत्या


४ मार्च

आत्या,

विचारल्याशिवाय घेतली. आता बोलणी खायला बसले आहे.

आधी चांगली बातमी. तुझं पत्र शिट्टीने समितीत वाचून दाखवलं. म्हणजे वाचायला सुरुवात केली आणि चौथ्या ओळीला घसा बसला, मग पुढे दादाने वाचलं. लाल टाका सहाही पतंगांवर निघाला. दादाने कपाट उघडलं, माळ माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "सरावाला घे. मेळाव्याचं नंतर बघू. पण एक ऐक माझं. दोरी जाड घे. कपाटात आहे त्यातली सगळ्यात जाड. म्हणजे मला झोप लागेल."

मला वाटलं, एवढं त्याचं ऐकावं. जाड म्हणजे भक्कम, भक्कम म्हणजे चांगलं, असंच कोणालाही वाटेल ना? रविवारी वारा मंद होता. सहा पतंग उचलले, मागे पळाले, ओढलं. पहिला कसाबसा उठला. बाकीचे त्याच्यामागे मान टाकून लोंबकळले. दोऱ्यांना मध्ये एवढा झोळ की त्यावर चिमण्या बसल्या असत्या. डावी ओढली तर माळ विचार करून, सावकाश, दहा माणसांना विचारून डावीकडे वळायची. मग बसली खाली.

शिट्टीने सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं विचारलं, "काय गं, कपडे वाळत घातलेस का?"

सगळे हसले. दादा हसला नाही, पण त्याचा चेहरा बघून कळलं, त्याला बरं वाटलं होतं. ते मला जास्त लागलं.

आता सांग काय चुकलं. आणि एक विचारू? तुझ्या पत्रातल्या ओळी हल्ली उजवीकडे उताराला लागल्यात. शेवटच्या ओळी तर कागदाबाहेर पडायला आल्या होत्या. बरी आहेस ना?

भिंगरी


९ मार्च

भिंगरी,

टेबलाचा एक पाय आखूड आहे, म्हणून ओळी उतरतात. माझी काळजी सोड आणि लक्ष देऊन वाच.

तू दोरी भीतीला विचारून घेतलीस, आणि तीही स्वतःच्या नाही, दादाच्या. दोरी वाऱ्याला विचारून घ्यायची असते. वारा मंद असेल तर बारीक, वारा चढला तर जाड. जाड दोरी स्वतःच वाऱ्यात पसरते, जड होते, मध्ये झोळ धरते, आणि तुझ्या हाताने दिलेला हुकूम पतंगापर्यंत पोचेस्तोवर शिळा होतो. म्हणून दोन जोड्या बनव, एक मंद वाऱ्याची, एक चढत्या वाऱ्याची. मैदानावर गेलीस की आधी गालावर वारा घे, मग पिशवीत हात घाल.

कशाची दोरी? पुरुषांनी टाकलेली, तुमच्या वाट्याला आलेली जुनी नायलॉन नको. ती रबरासारखी ताणते. आज ओढलंस तर पतंग उद्या वळेल. पिवळी कडक दोरी मिळते, ती ताणत नाही म्हणून पुरुषांना फार आवडते. पण तिचा पृष्ठभाग कानशीसारखा असतो. आपल्यात नको ती. पांढरी, निसरडी, घट्ट विणलेली दोरी घे. दोन दोऱ्या एकमेकींवर पीळ घालून बसल्या तरी त्या घसरत राहतात आणि पतंग ऐकत राहतो. हीच दोरी मी यंत्रावर विणली आहे. तिचा एकच हट्ट असतो. तिला घासून येणारी उष्णता सोसत नाही, चटकन वितळते, आणि उघडी गाठ मारली तर स्वतःच्या गाठीनेच कापली जाते. म्हणून टोकाला विणलेली नळी चढवायची. आम्ही तिला बाही म्हणायचो. बाही चढव आणि मग गाठ मार.

दोन्ही दोऱ्या एकाच रिळातून काप. एकत्र खिळ्याला लावून ताण. पतंगांच्या मधले दुवे हाताजवळ भक्कम आणि मागे जाताना हलके ठेव. पहिला पतंग मागच्या पाचांचा भार ओढतो, शेवटचा फक्त स्वतःचा. घरातल्या थोरल्या बहिणीसारखं आहे हे. तुला सांगायला नको.

सहा पतंगांचा जोर किती येतो ते मला माहीत आहे. तो तुझ्या वजनापेक्षा मोठा नाही. टाचा रोव, कंबर मागे टाक, आणि ओढू दे त्यांना. जगात ज्यांना ज्यांना सांगितलं गेलं की "हे तुला ओढून नेईल", त्यांनी एकदा टाचा रोवून बघितलंच पाहिजे.

आत्या


१७ मार्च

आत्या,

हे पत्र दादाकडून. भिंगरी तुला लिहिणार नाही म्हणते, म्हणून मी लिहितोय.

काल तिची दोरी तुटली. वारा बरा होता. माळ वर होती, आणि खोटं कशाला बोलू, चांगली होती. लोक थांबून बघत होते. मी तिच्या अगदी जवळ उभा राहिलो होतो, माझा पतंगही मुद्दाम तिच्या माळेला लागून वर ठेवला होता, म्हणजे काही झालं तर मला लगेच कळावं. आणि झालंच. डावी दोरी एकदम सैल पडली. माळ उलटी फिरली, गाड्यांच्या दिशेने गेली आणि कोसळली ती एका बाबागाडीपासून हातभरावर. बाळाला काही झालं नाही. त्याची आई माझ्याकडे बघत होती, ते मी विसरणार नाही. उजवी दोरी हातातून सुटताना भिंगरीचा तळवा कापला. नर्सने तिथेच बांधला.

आत्या, मी लिफ्ट दुरुस्त करतो. लोक दार उघडून निर्धास्त आत शिरतात, कारण दोर तुटणार नाही असं कोणीतरी बघितलेलं असतं. तो कोणीतरी मी. मी रोज लिफ्टच्या खड्ड्यात खाली बघतो. तू पत्रांतून तिला पेटवलंस, बारीक दोरी घ्यायला लावलीस. आता समिती ठरवते आहे की कोपऱ्यातल्या कोणालाही यापुढे माळ नाही आणि लांब दोरीही नाही. सत्तावीस तारखेला मत घेणार. मी विरोध करणार नाही. तुझ्याबद्दल आदर आहे, पण बाबागाडीपुढे भाषण चालत नाही.

दादा


२० मार्च

दादा,

बाबागाडीपुढे भाषण चालत नाही, हे खरं. म्हणून भाषण करत नाही. दोन प्रश्न विचारते.

दोरी कुठे तुटली? गाठीपाशी, की मध्येच कुठेतरी?

आणि तुटलेलं टोक कसं आहे?

लिफ्टचा दोर तुटला असता तर तू न बघता "बायकांनी लिफ्ट वापरू नये" असं लिहून मोकळा झाला असतास का? मग इथे का झालास? तुटलेलं टोक भिंगरीकडे असेल. तिला म्हणावं पाकिटात घालून पाठव. आणि मत घ्यायच्या आधी ते मला मिळालं पाहिजे.

तू रोज खड्ड्यात खाली बघतोस ते चांगलंच आहे. अधूनमधून वर बघत जा.

आत्या


२२ मार्च

आत्या,

टोक पाठवते आहे. चिकटपट्टीने कागदावर लावलंय. दोरी मधोमध तुटली, गाठीपासून खूप लांब. बाही जागच्या जागी आहे. गाठ शाबूत आहे.

डाव्या हाताने लिहिते आहे म्हणून अक्षर असं.

आत्या, दादाचं बरोबर असेल. मी वारा नीट ओळखला नसेन. एक जोडी जाड घ्यायला हवी होती. मालकांनी आज मला काउंटरवर बसवलं, भिंग धरता येत नाही म्हणून. लोक चष्मे घालून आरशात बघत होते आणि मला एकसारखी ती बाबागाडी दिसत होती.

पण तुला एक सांगून ठेवते, नंतर सांगायची हिंमत राहणार नाही. तुटायच्या आधी ती माळ सरळ जात होती. एकदम सरळ. डावी ओढली की सहाही एकदम डावीकडे, उजवी ओढली की सहाही उजवीकडे. मधे काही अंतरच उरलं नव्हतं. टाचा रोवल्या आणि जोर आला, तर मला भीती वाटली नाही, मला वाटलं, हे तर मला झेपतंय! बेकरीवाली पीठ लागलेले हात वर करून ओरडत होती. मी आयुष्यात कधी एवढी सरळ उभी राहिले नव्हते.

मेळाव्याला मी जाणार नाही. माळ दादाला परत दिली आहे.

भिंगरी


२५ मार्च

भिंगरी आणि दादा, दोघांनी एकत्र बसून वाचा,

पाकीट मिळालं. टोक बोटांत धरलं, अंगठ्याने फिरवलं, मग जिभेच्या शेंड्याला लावलं. कारखान्यात आम्ही असंच तपासायचो. यंत्राच्या खडखडाटात बोटं आणि जीभ खोटं बोलत नाहीत.

भाराने तुटलेलं टोक कसं असतं? केरसुणीसारखं. एकेक धागा वेगळा फुटतो, पिंजलेला, मऊ. बारीक दोरी जोराने तुटली असती तर टोकाला असा झुपका असता. इथे झुपका नाही. इथे मोहरीएवढा कडक, गुळगुळीत मणी आहे. ही दोरी तुटलेली नाही. ही वितळली आहे. आकाशात कोणीतरी तिच्यावर दुसरी दोरी ठेवली आणि एकाच जागी घासत राहिलं, कानशीसारखं.

दादा, आता तुझंच पत्र आठव. "माझा पतंगही मुद्दाम तिच्या माळेला लागून वर ठेवला होता." तुझ्या रिळावर कोणती दोरी आहे? पिवळी. गेली कित्येक वर्षं तू तीच वापरतोस, ती ताणत नाही म्हणून, लिफ्टच्या दोरासारखी भरवशाची म्हणून. पिवळीचा पांढरीशी मेळ नसतो. पिवळ्यांच्या गर्दीत कधी कोणाचं बिघडलं नाही, कारण मैदानाच्या मध्यावर सगळेच पिवळी वापरत होते आणि दुसरी कुठलीही दोरी तुम्ही मध्यावर कधी येऊच दिली नव्हती!

तू तिला सांभाळायला जवळ गेलास. तुझ्या मनात काळजीच होती, हे मी तुझ्या थोबाडीत न देता कबूल करते. पण काळजी करणाऱ्याने आपल्या हातात काय धरलंय ते आधी बघावं. तुझ्या काळजीनेच तिची दोरी कापली. मग पडझडीचा आरोप तिच्या हातावर, आणि शिक्षा साऱ्या कोपऱ्याला. वीतभर लांब दोरी देऊन हात तिरका म्हणणं आणि हे, यात फरक सांग मला.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तुझी दोरी सगळी उलगड आणि बोटांतून ओढ. जिथे घासली तिथे पांढरा, मेणासारखा लेप बसला असेल. नसला तर मी चुकले, आणि मेळाव्यात सगळ्यांपुढे तसं म्हणेन.

भिंगरी, माळ परत घे. तू दिलीस ती दादाला, मी दिली ती तुला. मधल्या मधे कोणी काही देऊ नये.

आत्या


२६ मार्च

आत्या,

लेप सापडला. बोटाएवढ्या लांबीचा. नखाने निघत नाही.

बाकी समक्ष.

दादा


२८ मार्च

आत्या,

हे पत्र टपालाने येत नाहीये. दादाच्या खिशातून येतंय, आणि तोच तुला ते वाचून दाखवेल. का, ते शेवटी सांगते.

परवा संध्याकाळी दादाने आपलं रीळ उलगडलं, स्वयंपाकघरापासून जिन्यापर्यंत. मी दारात उभी होते.  मध्येच तो थांबला, दोरी दिव्याखाली धरली, आणि उकिडवा बसून नखाने खरवडत राहिला. मग मला म्हणाला, "तुझ्या दुकानातलं मोठं भिंग आणशील?" मी म्हटलं, "नको. आत्याने बोटांनी ओळखलं, तूही ओळखलंस." तर म्हणाला, "शिट्टीला बोटांनी ओळखता येणार नाही."

(दादा, इथे हसू नकोस, पुढे वाच.)

काल समितीत त्याने टेबलावर तीन गोष्टी ठेवल्या: माझं तुटलेलं टोक, त्याची पिवळी दोरी आणि भिंग. शिट्टीने भिंगातून बघितलं, चष्मा काढून बघितलं, पुन्हा घालून बघितलं. म्हणाला, "हे सगळं ठीक आहे, पण नियम आता लिहून झालाय. पुढच्या महिन्यात पुन्हा विचार करू."

बेकरीवाली म्हणाली, "पुढच्या महिन्यात मेळावा आहे का?"

"नियम हा नियम."

तेव्हा दादा उठला. त्याला भाषण येत नाही, तुला माहीत आहे. तो एवढंच म्हणाला, "चुकीच्या तपासणीवर दिलेलं प्रमाणपत्र मी लिफ्टला लावत नाही. इथेही लावणार नाही. रविवारी माझी बहीण मैदानाच्या मध्ये माळ उडवेल, आणि बाकीचे पिवळी दोरी काढून ठेवतील. ज्याला काढायची नाही त्याने बाजूला उभं राहावं. नळाजवळ जागा आहे."

मत घेतलंच गेलं नाही. शिट्टी शिट्टी शोधत राहिला. नियम मंजूर नाही, रद्दही नाही, कागदावर आहे तसाच आहे, आणि आम्ही तो मोडणार आहोत. बाबागाड्या असतात त्या बाजूला कोणीच उडवायचं नाही, मध्येच उडवायचं, एवढं मात्र मी आणि दादाने मिळून ठरवलंय. बाळाच्या आईची ती नजर रास्तच होती.

आज सकाळी दुकानाच्या बोळात गेले तर दादा तिथे आधीच हजर. त्याने नवी पांढरी जोडी आणली होती, माझ्याच खिळ्याला बांधली होती, आणि मालकांच्या हातात एक टोक देऊन मागे मागे चालत होता. मला बघून म्हणाला, "माझीही बघ गं, बरोबर आहे का." दोन बोटांचा फरक होता. मी दोन बोटं दाखवली फक्त.

आता शेवटचं. आत्या, तू टोक डोळ्यांनी बघितलंच नाहीस. बोटं आणि जीभ, एवढंच लिहिलंस. टेबलाचा पाय आखूड नाही. दादा गेल्या वर्षी तुझ्याकडे राहून आला, टेबल त्यानेच नीट केलं होतं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, हे तू विसरलीस का? ज्यांना दिसेनासं होतं ते काय काय कारणं सांगतात, हे मी रोज ऐकते. तू मला हाताबद्दल खोटं ऐकून घेऊ दिलं नाहीस. मग मी डोळ्यांबद्दल खोटं का ऐकू? दादा तुला घेऊन येतोय. डॉक्टर सोमवारी आहेत. त्याआधी, रविवारी, तू मैदानात माझ्या पाठीमागे खुर्चीवर बसणार आहेस. दिसली नाही तरी माळ ऐकू येते, तूच म्हणायचीस.

आणि हे मी मंडळाच्या कपाटाच्या दारावर डकवलंय. दादा, मोठ्याने वाच:

"कोपऱ्यात उभं राहणाऱ्या सगळ्याजणींनो, आणि ज्यांना ज्यांना कोणी कधी सांगितलंय की तुमचा हात तिरका आहे, त्या सगळ्यांनो,

आपल्याला ताणलेल्या दोऱ्या मिळाल्या आणि वर बोलणी मिळाली. आपण बोलण्यांवर विश्वास ठेवला, दोऱ्यांकडे बघितलं नाही. मी आरशासमोर उभी राहून स्वतःचा हात दुरुस्त करत राहिले, आणि हात पहिल्यापासून धड होता.

रविवारी माळ मध्ये उडणार आहे. परवानगी नाही. आम्ही मागितलेलीही नाही. तुम्ही आलात तर पतंग घेऊन या, बघायला येऊ नका. पण घरातून निघायच्या आधी एवढं एकच करा: एका खिळ्याला तुमच्या दोन्ही दोऱ्या बांधा, मागे चालत जा, आणि टोकं शेजारी धरून बघा."